सहा डिसेंबरची कविता

दिवाळी सरली की दैनिकांच्या कचेऱ्यांतून आम्हाला फोन येऊ लागतात. "सर, सहा डिसेंबरच्या विशेष पुरवणीसाठी कविता पाठवा. वीस ओळींच्या वर नको." आम्ही हो म्हणतो. गेली कैक वर्षे हो म्हणत आलो आहोत. महापरिनिर्वाण दिनाला कविता दिली नाही तर ज्या बापाने हातात लेखणी दिली त्याच्याशीच बेइमानी केल्यासारखे वाटते. आणि दिली तर? तोच सूर्य, तोच महासागर, तीच चैत्यभूमीची रांग! परवा कात्रणांची जुनी फाइल उघडली, तर तीन वर्षांच्या तीन कवितांत एकच प्रतिमा सापडली. आमचे आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले.

यंदाचा फोन आला तेव्हा आम्ही पेणला रामवाडीच्या एसटी स्थानकाबाहेर पनवेलच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. मुंबई-गोवा महामार्गाचे हे गाव. या रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि दहा-बारा वर्षे उलटली तरी रखडतच राहिले. धुळीने माखलेली झाडे पाहून एखाद्या कवीला काय काय सुचेल! आम्हाला त्या वेळी काहीच सुचले नाही, कारण समोर एक टेम्पो उभा होता आणि त्यात एक कातकरी कुटुंब चढत होते. पातेली, गोधड्यांचे बोचके, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि शेवटी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी. अंगात शाळेचा गणवेश. घालायला तोच एक धड कपडा असावा. वीटभट्टीच्या हंगामाला निघालेली माणसे ती. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मालकाकडून उचल घेतली, की पुढचे सहा-सात महिने विटा पाडून ती फेडायची. हिशेब मालकाच्या वहीत. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, असे आम्ही भाषणांत सांगतो. ती बंद झाल्याची खबर त्या वहीला कुणी दिलेली दिसत नाही. एके काळी खैराचा कात काढून जगणारी ही जमात. जंगल हातातून गेले, धंदा गेला, नाव तेवढे राहिले.

शाळेचे दुसरे सत्र सुरू व्हायच्या बेतात आणि पोर भट्टीवर चाललेली. एका कानाशी फोन, त्यात वीस ओळींची मागणी, आणि आम्ही काय केले? खिशातून वही काढली! टेम्पो निघून गेला. गाडीत बसून चार ओळी लिहिल्या. त्यात ती मुलगी पाखरू झाली होती, टेम्पो पिंजरा झाला होता. थोडे पुढे गेल्यावर त्या ओळी खोडल्या. ती मुलगी पाखरू नाही. कुठल्या तरी शाळेच्या पटावर तिचे नाव आहे, नावापुढे क्रमांक आहे, आणि आता त्या रकान्यात रोज गैरहजेरी लागणार आहे. तिला पाखरू करून आम्ही तिचे नाव विचारण्याची जबाबदारी टाळत होतो.

कवितेला बातमीचे वावडे असावे, असे प्रस्थापित साहित्य शिकवते. आमची परंपरा निराळी आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा शिरोभागी तुकोबा होते. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले आणि पुढच्या चौदाच दिवसांत, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' निघाला. त्याच्या माथ्यावर ज्ञानेश्वरीच्या ओव्या होत्या. वर कविता आणि खाली हक्काचा हिशेब: तळे कुणाचे, ठराव कोणता, तो मोडला कुणी. आम्ही वरचा भाग तेवढा उचलला आणि खालचा रिपोर्टरवर सोडून दिला.

खैरलांजीचे उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांचे हत्याकांड झाले. मोठ्या वृत्तपत्रांना त्याची नीट दखल घ्यायला काही आठवडे लागले. पुढे कवितांचा पूर आला. त्यात आमचीही एक होती, टाळ्याही मिळाल्या. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती बदलून पंचवीस वर्षांची कैद केली, आणि दोन्ही ठिकाणी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली दोष सिद्ध धरला गेला नाही. आमच्यापैकी किती कवींनी ते निकालपत्र वाचले? आम्ही वाचले नव्हते. भैयालाल भोतमांगे २०१७ साली गेले, तेव्हा लाजेने वाचायला घेतले.

याउलट बातमी छातीत थेट शिरली की काय होते, तेही या चळवळीने पाहिले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसे मारली गेली आणि चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. त्यांच्या जाण्याचे उदात्तीकरण आम्हाला मंजूर नाही. शाहीर जिवंत हवा होता. त्याला एकटे पडू द्यायला नको होते.

वामनदादा कर्डकांना तरुणपणी कुणी पत्र वाचायला दिले तेव्हा ते वाचता येईना. त्या अपमानातून ते अक्षर शिकले, मग गाणी झाली. टॅक्सी चालवणाऱ्या नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा, दलित पँथरही त्याच वर्षाची. पुढे हाच कवी वर्तमानपत्रात सदरही लिहीत राहिला. या माणसांना विषय शोधावा लागला नाही. आम्ही मात्र रामवाडीला गाडीची वाट पाहताना विषय सापडला म्हणून खूश झालो होतो!

कुणी म्हणेल, कातकऱ्यांचे दुःख सहा डिसेंबरच्या पुरवणीत कशाला? याच जिल्ह्यातल्या चरीच्या कुळांचा संप १९३३ ते १९३९ असा चालला. ती कुळे प्रामुख्याने आगरी-कुणबी. त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी कायदेमंडळात मांडले. कूळ कोणत्या जातीचे, हे त्यांनी आधी विचारले नव्हते.

आम्ही संपादकांना उलट फोन केला. कवितेऐवजी भट्टीवर गेलेल्या मुलांवर मजकूर देतो, म्हणालो. "जाहिराती फार आहेत सर, जागा नाही. कविताच द्या." त्यांचेही बरोबर आहे, जाहिरातींशिवाय आमची दैनिके चालत नाहीत. तेव्हा यंदा त्यांना कविता गेली नाही, आणि हे लिहिले ते या सदरात. पेणच्या एका ओळखीच्या गुरुजींना आसपासच्या वाड्यांतील शाळांचे पट पाहायला सांगितले आहे. एका शाळेतून अकरा मुले गेल्याचे त्यांनी काल कळवले. कोणत्या भट्टीवर, ते त्यांनाही ठाऊक नाही. रविवारी आम्ही दोघे वाडीवर जाणार आहोत. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना विचारले तर पत्ता लागेल.