तबकडी की सीडी?

किशोरीताई आमोणकरांचा भूप राग एलपीवर ऐकावा की सीडीवर, यावरून आमच्यात बरीच चर्चा झाली. मोजमापात सीडी सरस आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या या चकतीवर ७४ मिनिटे संगीत मावते, खरखर नसते, तानपुऱ्याचा हलका झंकारही स्वच्छ ऐकू येतो. एलपीवर सुई मध्याकडे सरकते तसे तिला बारकावे पकडणे जड जाते, आणि द्रुत तर बहुधा तिथेच असते! तरीही माझा कौल एलपीलाच. एका बाजूची वीस-बावीस मिनिटे कुणी उठत नाही, विलंबित मन लावून ऐकले जाते. रिमोट हाती असला की आलापीतच धीर सुटतो. जुन्या मुद्रणांच्या काही सीडींत तर खरखर काढताना आवाजाची धारच गेली आहे. त्या ऐकून मगच घ्याव्यात.