गाईचा ढेकर आणि शेतकऱ्याचे नाव



गाय रवंथ करते, ढेकर देते आणि त्या ढेकरातून मिथेन वायू बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. हे खोटे नाही. प्रश्न आहे तो हिशेब कुणी द्यायचा याचा.

न्यूझीलंडचे उदाहरण घ्या. त्या देशाच्या अशा वायूंत जवळजवळ निम्मा वाटा शेतीचा, त्यातही मुख्यत्वे गुरामेंढरांचा. २००३ साली सरकारने त्यावर लहानसा कर सुचवला; पैसा संशोधनाला लावायचा होता. शेतकरी संघटना खवळल्या, एका खासदाराने तर ट्रॅक्टर संसदेच्या पायऱ्यांवर चढवला. कर बारगळला. २०१९ मध्ये ठरले की २०२५ पासून आकारणी करू, पद्धत शेती-उद्योगानेच सुचवावी. २०२२ मध्ये मसुदा येताच पुन्हा ट्रॅक्टर रस्त्यावर. २०२४ मध्ये नव्या सरकारने तो बेतच गुंडाळला. वीस वर्षे गेली ती गेलीच.

डेन्मार्कही सहकाराचाच देश. तिथे २०२४ मध्ये सरकार, शेतकऱ्यांची संघटना आणि निसर्गरक्षक एकत्र बसले. २०३० पासून टनामागे ३०० क्रोनर कर ठरला, त्यात ६० टक्के सवलतही मिळवली. भांडले, पण हिशेब नाकारला नाही.

आता आपले. 'साखर लॉबी' म्हणून आपल्यालाही लोक बोलतात. दर मागायला दिल्लीला जाणे हा आपला हक्कच आहे, त्यात लाजायचे काय? पण दर मागणे वेगळे आणि हिशेब झाकणे वेगळे. २०२१ च्या ग्लासगो परिषदेतील मिथेन कपातीच्या करारावर भारताने सही केली नाही. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याच्या पोटावर पाय नको, ही बाजू आम्हाला रास्त वाटते. मात्र त्याच दोन म्हशींच्या आडोशाला मोठ्यांनी लपावे, हे आम्हाला मान्य नाही.

आपल्या हाती आहे ते करू. नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नका. समतोल चारा-पेंड दिली तर लिटरमागे मिथेन कमी आणि दूध जास्त. गोबरगॅसने ढेकर थांबत नाही, पण शेणाचा वायू चुलीला लागतो.

आणि उद्या कुठल्याही सभेत 'शेतकऱ्यांच्या हितासाठी' असा ठराव आला, तर हात वर करण्याआधी एवढेच विचारा : कुठल्या शेतकऱ्याच्या?