शाळेच्या बागेलाही वेळापत्रक हवे



जूनमध्ये शाळा उघडली की आपल्या शाळेच्या बागेकडे एकदा नीट पाहा. जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या वेळी जिथे झेंडू आणि ॲस्टर डवरले होते तिथे आता वाळक्या काटक्या उभ्या असतात. कुंड्यांतली माती भेगाळलेली असते. मग वनमहोत्सव येतो, पाहुण्यांच्या हस्ते नवी रोपे लागतात आणि पुढच्या मे महिन्यात तीही बहुधा वाळून जातात. याचा दोष आपण कधी शिपाईमामांना देतो, तर कधी पाणीटंचाईला. माझे मत असे की, दोष बऱ्याच अंशी निवडीचा आहे. ज्या गावात मे महिन्यात माणसेच हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, तिथे बागेला पाणी घाला असे सांगण्याचे धाडस कोणी करू नये. जी बाग दरवर्षी दीड महिना ओस पडणार हे ठाऊक आहे, तिथे उन्हाळ्यात स्वतःच सुट्टी घेणारी झाडे लावावीत. अशी झाडे निसर्गात आहेत. ती म्हणजे कंदवर्गीय फुलझाडे.

मी भौतिकशास्त्राचा अध्यापक. फुलझाडांविषयी मी का बोलावे, असे कोणी विचारील. पण साठवलेली ऊर्जा, तापमान, ओलावा आणि प्रकाशाचा काळ या चार गोष्टी माझ्या विषयाच्या परक्या नाहीत, आणि कंदाची बरीचशी कहाणी या चार शब्दांत मावते.

स्वयंपाकघरातला एक कांदा घेऊन उभा चिरा. तळाशी चपटी चकती दिसेल. ते त्याचे खोड. तिच्यावर एकावर एक चढलेले जाड थर म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे. मधोमध कोंब. टोपलीत पडलेला कांदा माती-पाण्यावाचूनही कोंब फेकतो, तो या शिदोरीच्या बळावर. रेन लिली, अमॅरिलिस आणि निशिगंध यांचे कंद साधारण याच घडणीचे. ग्लॅडिओलसचा गड्डा मात्र आतून भरीव असतो, त्यात थर नसतात. सोनटक्का हळकुंडासारख्या आडव्या खोडातून वाढतो, तर डेलियाची मुळे रताळ्यासारखी फुगतात. वनस्पतिशास्त्राच्या तासाला हे वेगवेगळे अवयव आहेत हे जरूर सांगा. बागेपुरते आपण सर्वांना कंद म्हणू, कारण सर्वांचे काम एकच : चांगल्या दिवसांत शिदोरी बांधायची, वाईट दिवस जमिनीखाली झोपून काढायचे आणि योग्य इशारा मिळताच उठायचे.

यातला ‘इशारा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुन्हा कांद्याचेच उदाहरण घ्या. आपल्याकडच्या जातींचा कांदा पोसायला ११ ते १२ तासांचा दिवस पुरतो. उत्तर युरोपातल्या जातींना १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. त्या जाती नाशिकच्या उत्तम जमिनीत लावल्या तरी नुसती पात वाढत राहील, कांदा धरणार नाही. खत कमी पडले म्हणून नव्हे, तर त्यांना हवा असलेला लांब दिवस इथे उगवतच नाही म्हणून.

तेव्हा फुलांचे कंद निवडताना पाकिटावरचे रंगीत चित्र पाहून भुलू नका. प्रत्येक कंदाला दोन प्रश्न विचारा : तुझे मूळ गाव कोणते? आणि तुला जागे कोण करते?

ट्यूलिपला विचारा. त्याचे मूळ मध्य आशियाच्या डोंगराळ मुलखात. तिथे हिवाळा कडक, वसंतात बर्फ वितळून ओल येते आणि उन्हाळा कोरडा. म्हणून ट्यूलिपच्या कंदाला फुलण्यापूर्वी साधारण १२ ते १६ आठवडे, ९ अंश सेल्सियसच्या खालची थंडी लागते. श्रीनगरला दल सरोवराजवळ २००७ साली ट्यूलिपची मोठी बाग खुली झाली. तिथे हे जमते, कारण ती थंडी फुकट मिळते. पुण्या-नाशिकला काही पहाटे पारा १० अंशांखाली जातो खरा, पण दुपारी ऊन तापते आणि तीन महिने अखंड गारवा काही मिळत नाही. मैदानी प्रदेशात कुंड्यांतून दिसणारे ट्यूलिप शीतगृहात थंडी देऊन आणलेल्या कंदांचे असतात. ते एकदा फुलतात; पुढच्या वर्षाची शिदोरी आपल्या उन्हात बांधली जात नाही. असा खर्च शाळेने करू नये.

आता निशिगंधाला विचारा. तो मेक्सिकोचा. रेन लिलीच्या पुष्कळ जाती आणि डेलियाही त्याच बाजूच्या. तिथे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर आणि हिवाळा कोरडा. म्हणजे जवळजवळ आपलेच ऋतुचक्र! ही झाडे हजारो मैलांवरून आली तरी आपल्या मातीत घरच्यासारखी का नांदली, याचे उत्तर नकाशात आणि पर्जन्यमानात आहे. माझा आग्रह देशी-परदेशीचा नाही. झाड जागे होण्याची वेळ आणि आपल्या ऋतूंची वेळ जुळावी, एवढाच आहे.

आता शाळेचे वर्ष समोर ठेवून आपण फुलांचे वेळापत्रक आखू.

जूनचा पहिला तास रेन लिलीचा. उन्हाळाभर तिची गवतासारखी पाने सुकलेली असतात. पहिल्या चांगल्या पावसानंतर थोड्याच दिवसांत गुलाबी फुलांचा ताटवा उठतो. तिचे शास्त्रीय नाव झेफिरँथस. ग्रीक भाषेत झेफिरस म्हणजे पश्चिमेचा वारा. जुलै-ऑगस्टमध्ये रानहळदीचे गुलाबी तुरे येतात. हे आपल्या सह्याद्रीचे लेकरू. ऑगस्टपासून सोनटक्का दरवळू लागतो. त्याला ओल प्रिय, म्हणून त्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या नळाचे सांडपाणी जाते तिथे. याच सुमारास पांढरी रेन लिली फुलू लागते. निशिगंधाचे कांदे जूनमध्ये लावले तर साधारण तीन-साडेतीन महिन्यांत, म्हणजे दसऱ्याच्या मागेपुढे, छड्या येऊ लागतात. वासासाठी एकेरी पाकळ्यांची जात घ्या. तिचा सुगंध संध्याकाळनंतर वाढतो, कारण तिचे गिऱ्हाईक म्हणजे रात्री हिंडणारे पतंग.

नोव्हेंबर हा या वेळापत्रकातला अवघड महिना. थंडी सुरू झाली की निशिगंध मंदावतो आणि हिवाळी फुले अजून आलेली नसतात. ही खिंड कर्दळीने लढवावी. पाणी मिळत असेल तर ती जवळजवळ वर्षभर फुलते. डिसेंबरपासून डेलिया. जानेवारी-फेब्रुवारीत ग्लॅडिओलस. मार्चमध्ये परीक्षेच्या गडबडीत अमॅरिलिसची मोठी लाल फुले उघडतात. हिवाळ्यात पाणी तोडून तिला कोरडी विश्रांती द्यावी लागते. एप्रिलच्या सुमारास भुईचाफा. त्याचे पान एकही नसते आणि थेट जमिनीतून जांभळट-पांढरे सुगंधी फूल वर येते. मे महिन्यात आफ्रिकेतून आलेली फायरबॉल लिली लाल चेंडूसारखी फुलते. तो चेंडू म्हणजे शंभराहून अधिक लहान फुलांचा गुच्छ असू शकतो. तेव्हा शाळा बंद असते, म्हणून तिच्या कुंड्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत घरी न्याव्यात.

फुलांची साखळी दोन प्रकारे जोडता येते. एक, वेगवेगळ्या वेळी जागी होणारी झाडे निवडून; ती आपण वर पाहिली. दुसरा प्रकार, एकच झाड टप्प्याटप्प्याने लावून. याला ग्लॅडिओलससारखे झाड नाही. जातीनुसार लावणीपासून साधारण ६० ते ९० दिवसांत ते फुलते. सगळे गड्डे एकाच दिवशी लावले तर पंधरवड्यात खेळ खलास. तेच ऑक्टोबरच्या आरंभापासून दर १५ दिवसांनी थोडे थोडे लावले तर फुले दोन महिने पुरतील. कोणता वाफा केव्हा लावायचा हे सातवी-आठवीच्या वर्गाला गणित म्हणून घालावे. फुललेल्या झाडाखालचा जुना गड्डा सुरकुतून जातो आणि त्याच्याच डोक्यावर नवा तयार होतो. पाने पिवळी पडल्यावर गड्डे खणून, सावलीत सुकवून, हवेशीर जागी ठेवावेत.

लावणीचे नियम थोडे आहेत. कंद त्याच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट खोल लावावा. अमॅरिलिसची मान मात्र मातीबाहेर ठेवावी. कंद तहानेने क्वचित मरतो, साचलेल्या पाण्याने हमखास कुजतो. म्हणून काळ्या मातीत गादीवाफा करा आणि वाळू व शेणखत मिसळा.

मात्र केवळ शोभेसाठी मी हा खटाटोप सांगत नाही. आमच्याकडे महाविद्यालयात येणारे पुष्कळ विद्यार्थी पाठ केलेला प्रयोग बिनचूक करतात, पण उत्तर आधी ठाऊक नसलेला प्रयोग समोर आला की गोंधळतात. कंदांची बाग असे प्रयोग वर्षभर पुरवते. तीन साधे तापमापक घ्या आणि २, १० व २० सेंटिमीटर खोलीवर माती किती तापते ते दिवसभर दर दोन तासांनी नोंदवा. वरची माती दुपारी चटके देईल. खाली चढउतार कमी होत जाईल आणि सर्वांत जास्त तापमानाची वेळही पुढे सरकेल. आलेख काढा, म्हणजे कंद जमिनीखाली का झोपतो हे पुस्तकाविना कळेल.

दुसरा प्रयोग रेन लिलीचा. ती पावसाला उत्तर देते की नुसत्या पाण्याला? दोन सारख्या कुंड्या घ्या. एक उघड्यावर, दुसरी छपराखाली ठेवा. सरळ बाजूंच्या डब्यात पाऊस मोजा. कुंडीच्या तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर २ सेंटिमीटर पावसात तिच्यात सुमारे ६३० मिलिलिटर पाणी पडते. तेवढेच नळाचे पाणी छपराखालच्या कुंडीला द्या. कोणती कुंडी आधी फुलते, किती फुले येतात, ते लिहा. उत्तर मी सांगणार नाही.

आणि एक वही ठेवा. पहिल्या चांगल्या पावसाची तारीख, पहिल्या फुलाची तारीख, शेवटच्या फुलाची तारीख. एका वर्षाची वही म्हणजे हौस. दहा वर्षांच्या वह्या म्हणजे तुमच्या गावच्या हवामानाची साक्ष. पावसाचे वेळापत्रक बदलते आहे असे आज सर्वत्र बोलले जाते. तुमच्या गावापुरते ते किती खरे, हे सांगणारा पुरावा तुमची शाळा स्वतः जमा करू शकेल.

दोन इशारे द्यायला हवेत. कळलावीचे फूल अतिशय देखणे असते. पिवळ्याचे लाल होत जाते, आणि पानाच्या टोकानेच वेल आधार धरतो. पण तिच्या कंदात कोल्चिसीन हे जहाल विष असते. लहान मुलांच्या शाळेत ती लावू नका. दुसरा इशारा अधिक महत्त्वाचा. सहलीला गेल्यावर रानातले कंद उपटून आणू नका. कासच्या पठारावरचे कंदीलपुष्प किंवा कोकणच्या सड्यांवरची दीपकाडी या वनस्पतींचे घर म्हणजे कातळावरची वितभर माती. फूल तोडले तर एका वर्षाचे बी जाते; कंद उपटला तर झाडच जाते. रानहळदसुद्धा रोपवाटिकेतून किंवा कोणाच्या परसातूनच आणा.

खर्चाचे काय, असे मुख्याध्यापक विचारतील. रेन लिली आणि निशिगंधाच्या एका कांद्याला दोन-तीन वर्षांत पिल्ले फुटून पुंजका होतो. एका शाळेने सुरुवात करावी, मग शेजारच्या शाळेला टोपलीभर द्यावेत आणि बदल्यात तिथले कंद घ्यावेत. पैसे फार लागत नाहीत. एकाने सुरू केलेले दुसऱ्याने पुढे चालवण्याची सवय लागते. शिक्षकांना माझी विनंती एवढीच की, या बागेला गुण ठेवू नका आणि तिचे उद्घाटनही करू नका. दहावीचे विद्यार्थी शाळा सोडताना ती वही नववीच्या वर्गाकडे सोपवतील, इतके पाहा.