विक्रीनंतरची सुनावणी

शिक्षणसंस्थेच्या बांधकामाला हरकत घेणारा मनुष्य आपल्या समाजात तोंड उघडण्यापूर्वीच हरलेला असतो. कॉलेजला विरोध? म्हणजे हा प्रगतीचा वैरी, आपमतलबी, नाही तर कोणाचा तरी हस्तक! त्यातून ती संस्था ख्रिस्तसभेची असली, की त्या बिचाऱ्याच्या श्रद्धेवरही बोट ठेवले जाते. या समजुतीला माझा आक्षेप आहे. तो मांडण्यासाठी मी अमेरिकेतील बोस्टन शहराचे उदाहरण घेतो आहे. इतक्या दूर जाण्याचे कारण एवढेच की, त्या प्रकरणात जमीन विकणारे आपले होते, विकत घेणारे आपले होते आणि हरकत घेणाऱ्यांतही कितीतरी जण आपलेच होते.

बोस्टन कॉलेज येशूसंघीय धर्मगुरूंनी १८६३ साली स्थापन केले. (नाव कॉलेजचे राहिले आहे; आज ते एक मोठे विद्यापीठ आहे.) दुष्काळामुळे आयर्लंड सोडून आलेल्या गरीब कॅथोलिक कुटुंबांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडावे, हा त्यामागचा हेतू. शहरातील जागा अपुरी पडू लागली तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी ते चेस्टनट हिल येथे गेले. हे ठिकाण न्यूटन शहर आणि बोस्टनचा ब्रायटन विभाग यांच्या सीमेवर आहे. हमरस्ता ओलांडला की ब्रायटनमध्ये महाधर्मप्रांताचे प्रशस्त आवार होते. १८८४ मध्ये सुरू झालेली सेंट जॉन्स सेमिनरी, आर्चबिशपांचे निवासस्थान, कचेऱ्या आणि या सर्वांभोवती जुनी झाडे व हिरवळ. त्यापलीकडे साध्या कुटुंबांची घरे.

मग २००२ साल उजाडले. धर्मगुरूंनी बालकांवर केलेले लैंगिक अत्याचार आणि वरिष्ठांनी त्यांवर घातलेले पांघरूण यांची हकिगत 'बोस्टन ग्लोब' या दैनिकाने जानेवारीपासून चव्हाट्यावर आणली. डिसेंबरमध्ये कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावे लागले. २००३ मध्ये नवे आर्चबिशप शॉन ओ'मॅली यांनी साडेपाचशेच्या आसपास पीडितांशी साडेआठ कोटी डॉलरची तडजोड केली. तो पैसा उभा करण्यासाठी एप्रिल २००४ मध्ये निवासस्थानासह ४३ एकर जमीन बोस्टन कॉलेजला ९ कोटी ९४ लाख डॉलरना विकण्याचा करार झाला. २००७ मध्ये उरलेल्या जमिनीपैकी आणखी १८ एकर साडेसहा कोटींना गेली आणि पुढे महाधर्मप्रांताच्या कचेऱ्या ब्रेनट्री या उपनगरात हलल्या.

पीडितांना भरपाई मिळायलाच हवी होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रासादतुल्य निवासस्थान सोडणाऱ्या आर्चबिशपांबद्दल मला आदरच वाटतो. पापाचे मोल चुकवावेच लागते. परंतु ते चुकते करताना त्याचा काही भार शेजाऱ्याच्या अंगणात उतरणार असेल, तर त्या शेजाऱ्याला आधी विचारायला नको काय?

डिसेंबर २००७ मध्ये कॉलेजने आपली दहा वर्षांची योजना जाहीर केली. नव्या जमिनीवर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे आणि बेसबॉलचे क्रीडांगण येणार होते. महापालिकेने नेमलेल्या रहिवाशांच्या समितीत आणि बाहेरही वादाला तोंड फुटले. २००९ मध्ये काही फेरफारांसह योजना मंजूर झाली. मधल्या काळात रहिवाशांना जे ऐकून घ्यावे लागले, ते ऐकले की आपल्याकडचीच एखादी बैठक आठवावी. विद्यार्थ्यांचा एवढा तिटकारा कशाला? घर घेताना कॉलेज शेजारी आहे हे दिसले नव्हते का?

दिसले होते. पण त्यांचे गाऱ्हाणे नेमके काय, ते पाहा. या कॉलेजात पदवीचे विद्यार्थी नऊ हजारांच्या आसपास. त्यांतील बहुतेकांना चारपैकी तीनच वर्षे वसतिगृहाची हमी. उरलेल्या वर्षी मुले जवळपास भाड्याने घर शोधतात. तीन खोल्यांचे घर चार मुलांनी मिळून घेतले तर भाडे चौघांत वाटले जाते. बस चालवणारा बाप आणि दोन लेकरे असलेले कुटुंब तेवढे भाडे एकट्याच्या मिळकतीवर कोठून देणार? घरमालकाला हा हिशेब लवकर कळतो. मग कुटुंबाची घरे गुंतवणूकदार विकत घेतात, मुले दरवर्षी बदलतात आणि शेजार नावाची वस्तू उरत नाही. मध्यरात्रीचा गोंगाट हे या दुखण्याचे बाहेरचे लक्षण. बोस्टन शहराला २००८ मध्ये नियमच करावा लागला, की एका घरात पदवीचे चारपेक्षा अधिक विद्यार्थी राहू नयेत. केवळ कुरकुऱ्या म्हाताऱ्यांच्या तक्रारीवरून असे नियम होत नाहीत.

कॉलेजचे उत्तर वरवर पाहता बिनतोड होते. मुले वस्तीत नकोत म्हणता, मग वसतिगृहे तरी बांधू द्या! यात तथ्य आहे, आणि ते नाकारणाऱ्या रहिवाशांचा हट्ट मला पटत नाही. पण रहिवाशांचे म्हणणे असे होते, की वसतिगृहे तुमच्या मूळ आवारात बांधा, तेथे जागा काढा. त्याच योजनेत मूळ आवारातील एडमंड्स हॉल हे सुमारे ७९० मुलांचे वसतिगृह पाडून त्या जागी व्यायाम व क्रीडा केंद्र उभारायचे ठरले होते. ते वसतिगृह २०१६ मध्ये पाडले गेले. २०१९ मध्ये तेथे नवे केंद्र सुरू झाले. २००८ मध्ये तर कॉलेजने कॉमनवेल्थ अव्हेन्यूवरील सतरा मजल्यांची निवासी इमारतच विकत घेतली आणि पुढे तिचे वसतिगृह केले. म्हणजे विद्यार्थ्यांना खाटा मिळाल्या, हे खरे; पण सामान्य भाडेकरूंच्या वाट्याची घरे तेवढी कमी झाली. व्यायामशाळा स्वतःच्या अंगणात आणि खाटा दुसऱ्याच्या, हा हिशेब शेजाऱ्याने निमूटपणे मान्य करावा, अशी अपेक्षा होती. ब्रायटनच्या जमिनीवर बेसबॉलचे क्रीडांगण २०१८ मध्ये उभे राहिलेच.

प्रवचनात अशा वेळी नाबोथाचा द्राक्षमळा हमखास आठवतो. तो मोह मी टाळतो. येथे अहाब राजा नव्हता, खोटे साक्षीदार नव्हते, कोणाची जमीन कोणी बळकावली नाही. सारा व्यवहार कायदेशीर होता. माझी अडचण नेमकी तेथेच आहे. कायदेशीरपणा हे बिल्डरच्या तोंडी शोभणारे उत्तर आहे. ज्यांनी गुरुविद्यालयात नीतिशास्त्राचे पाठ घेतले, त्यांना कायद्याच्या कुंपणापलीकडेही काही देणे असते, हे वेगळे सांगावे लागू नये. बोस्टन महापालिका करमुक्त संस्थांकडे स्वेच्छेने काही रक्कम मागते. घरपट्टी लागू असती तर जी आकारली गेली असती तिच्या चतुर्थांश, आणि त्यातही निम्मी सवलत लोकोपयोगी कामांपोटी. बोस्टन कॉलेजने दिलेली रक्कम मागणीपेक्षा वारंवार कमी भरली आहे. तीही कायदेशीरच.

याच ब्रायटनमधील आणखी एक घटना सांगायला हवी. २००५ च्या जूनमध्ये अवर लेडी ऑफ द प्रेझेंटेशन या धर्मग्रामाच्या शाळेला महाधर्मप्रांताने वर्ष संपायच्या आधीच कुलूप ठोकले. पालक आत ठाण मांडून बसतील अशी भीती होती. मुलांचा निरोप समारंभ चौकातील हिरवळीवर करावा लागला. पुढे रहिवाशांनी प्रतिष्ठान स्थापून ती इमारत मिळवली. कॉलेजची योजना आली तेव्हा ब्रायटनकर संशयाने का बोलत होते, हे यावरून समजेल. त्यांना शिक्षणाचे वावडे असते तर बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीसाठी ते कशाला झगडले असते?

दुसऱ्यांना बोल लावतो आहे, तर स्वतःचेही सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामात असताना शाळेच्या मैदानात नवी इमारत बांधायची ठरली. नकाशे मंजूर झाले, पायाभरणीची तारीखही छापली. मैदानाला लागून ज्यांची वाडी होती असे एक वृद्ध गृहस्थ मिस्सानंतर मला भेटायला आले. "फादर, पावसाचं पाणी ह्या मैदानातून वाट काढतं. इमारत झाली तर ते माझ्या वाडीत शिरेल," ते म्हणाले. मी सांगितले, "काका, सात-बारा संस्थेच्या नावावर आहे, परवानगीही आली आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले. "सात-बारा मी मागितलाच नव्हता, फादर," एवढेच बोलून ते गेले. पुढच्या पावसाळ्यात पाणी त्यांच्या वाडीत शिरले. त्यानंतर रविवारी ते नेहमीप्रमाणे मिस्साला येत, माझ्या हातून कम्युनियनही घेत. मात्र माझ्या ऑफिसची पायरी त्यांनी पुन्हा चढली नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात या विषयाला स्वच्छ शब्दांत हात घातला. एखाद्या प्रकल्पाच्या परिणामांचा विचार व्यवहार ठरून गेल्यावर करायचा नसतो, तो आरंभापासून झाला पाहिजे. आणि त्या चर्चेत स्थानिक रहिवाशांना खास स्थान असले पाहिजे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. हे परिपत्रक ब्रायटनच्या विक्रीनंतर अकरा वर्षांनी आले, म्हणून कोणी पळवाट काढील. पण शेजाऱ्याचा शब्द ऐकावा, हे कळायला परिपत्रकाची वाट पाहायची होती का?

आपल्या धर्मग्रामांकडेही जमिनी आहेत. पूर्वजांनी त्या पोटाला चिमटा घेऊन दिल्या आणि आज त्यांना सोन्याचे मोल आले आहे. शाळांचे मजले वाढताहेत, ज्युनिअर कॉलेजे येताहेत, यायलाही हवीत. माझी मागणी मर्यादित आहे. यापुढे धर्मग्रामाची जमीन विकण्यापूर्वी किंवा तिच्यावर बांधण्यापूर्वी, करारावर सही होण्याच्या आणि वास्तुविशारदाला फी देण्याच्या आधी, एक सभा बोलवावी. तीत कुंपणालगतच्या प्रत्येक घराला निमंत्रण असावे, मग ते घर कॅथोलिक असो वा नसो. सभेत नकाशा टांगू नये. पाणी कुठून जाते, गाड्या कुठे उभ्या राहतील, कोणाचा उजेड अडेल, हे आधी त्यांच्या तोंडून ऐकावे आणि इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.