तापमानाचा आकडा चालकाला दिसलाच पाहिजे

उन्हाळ्यात घाट चढताना गाडी गरम होते, रेडिएटरमध्ये पाणी ओतून ती पुढे दामटली जाते आणि काही दिवसांनी हेड गॅस्केट जाते. मग खापर गॅस्केटच्या दर्जावर फुटते. बहुतेक वेळा ते चुकीचे असते. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये घट्ट आवळलेल्या या पातळ थराला एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दोन हजार अंश सेल्सियसच्या वर तापणारे ज्वलनवायू सिलिंडरमध्येच राहिले पाहिजेत आणि कूलंट व ऑइल आपापल्या वाटेनेच वाहिले पाहिजे. पूर्वी तांबे आणि अ‍ॅस्बेस्टॉसची गॅस्केट असत. आता पोलादी पत्र्यांचे थर वापरतात. हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असेल, तर तापल्यावर हेड जवळपास दुप्पट प्रसरण पावते. गॅस्केट ही रोजची ओढाताण सोसते. पण इंजिन प्रमाणाबाहेर तापले की हेड वाकते, आणि मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढा बाकही पकड सुटायला पुरतो.

पकड सुटल्याची लक्षणे ओळखता येतात. कुठेही गळती नसताना कूलंट कमी होते, टाकीत बुडबुडे येतात, थंड इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात होज पाइप दगडासारखा कडक होतो, ऑइल दुधी दिसते. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि इंजिन तापल्यावरही थांबत नाही. थंडीतल्या सकाळी क्षणभर दिसणारी वाफ वेगळी, तिला घाबरू नये. पण ही सगळी लक्षणे नुकसान झाल्यानंतरची आहेत. त्याआधी सावध करणारी मुख्य खूण म्हणजे चढते तापमान, आणि नेमकी तीच अनेक छोट्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरून काढून टाकली आहे. इंजिन थंड असताना निळा दिवा, फार तापल्यावर लाल, मधले काहीच नाही. वास्तविक इंजिनाच्या संगणकाला प्रत्येक अंश कळतो, पंखाही त्याच आकड्यावर चालतो. निदानाच्या सॉकेटला छोटे उपकरण जोडले तर तो मोबाइलवरही दिसतो. म्हणजे माहिती गाडीत आहे, फक्त चालकापासून दूर ठेवली आहे.

चालक काट्याकडे बघतच नाहीत, शिवाय तो जरा हलला तरी तक्रारी येतात, असे यावर म्हटले जाते. म्हणूनच काटा असलेल्या कित्येक गाड्यांतही तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. यावर उपाय माहिती लपवण्याचा नाही. खरा आकडा दाखवावा आणि लाल दिव्याआधी पिवळा लागावा. एरवी नव्वदच्या आसपास राहणारा आकडा त्याच चढावर वरचेवर एकशे पाचला जाऊ लागला, तर थर्मोस्टॅट, पंखा किंवा तुंबलेला रेडिएटर वेळीच तपासता येईल. संगणक इंजिनाला वाचवतोच, हा दुसरा आक्षेप अर्धाच खरा आहे. कूलंट गळून गेले की सेन्सर उघडा पडतो, वाफेचे किंवा हवेचे तापमान मोजतो आणि आकडा फसवा कमी दिसू शकतो. म्हणून आकड्यासोबत कूलंटच्या पातळीचा इशाराही हवा, आणि दोन्ही गोष्टी कंपनीच्या मर्जीवर न सोडता वाहन नियमांतच सक्तीच्या कराव्यात. तोवर लाल दिवा लागला की पुढचे वळण किंवा पुढचे गाव गाठण्याचा हट्ट न धरता गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. ते पुरते निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण दाबाखालचे उकळते पाणी उसळून चेहरा आणि हात भाजतात.