‘इथं किती द्यावे लागतात?’

कायद्याच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली तेव्हा बहुतेक मित्रांनी मोठ्या वकिलांची कार्यालये गाठली. मी महिनाभराच्या इंटर्नशिपसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण निवडले. घरी पहिला प्रश्न आला, ‘सरकारी ऑफिसात आपलं कोण ऐकणार?’ खरे सांगायचे तर तो प्रश्न माझ्याही मनात होता.

दुसऱ्याच आठवड्यात एक खाला आल्या. मुलगा चोरीच्या आरोपात चौदा महिने कच्च्या कैदेत. पहिलाच गुन्हा. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी विचारले, ‘बेटा, इथं किती द्यावे लागतात?’ ‘जामीन करून देतो’ म्हणणाऱ्या एकाला त्या आधीच आठ हजार देऊन बसल्या होत्या.

उत्तर होते, एक रुपयाही नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. धर्म कुणाचाच विचारला जात नाही. शिवाय नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कैदेत काढला, तर तो जामिनास पात्र ठरतो. जन्मठेप वा फाशीचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी यातून वगळले आहेत. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे. म्हणजे एक वर्ष पुरे होते. न्यायालयाला तसे लेखी कळवणे हे तुरुंग अधीक्षकाचे कर्तव्य आहे, पण ते झाले नव्हते.

मी फक्त तारखा मोजल्या आणि अर्जाचा मसुदा लिहिला. सही वकीलसाहेबांची, हुकूम न्यायाधीशांचा. माझा महिना संपण्याआधी मुलगा घरी आला.

1979 मध्ये बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. शिक्षा झाली असती तर जितकी भोगावी लागली असती, त्याहून जास्त काळ काहीजण आत होते. जलद सुनावणी हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या त्या निकालाला एका मुस्लिम स्त्रीचे नाव आहे, हुसैनआरा खातून. आपल्या किती मोहल्ल्यांत ते ठाऊक आहे?

यंत्रणेत पक्षपात नाही, असे मी म्हणणार नाही. तक्रार जरूर करू या. पण जो दरवाजा कायद्याने उघडा ठेवला आहे, तो बंदच आहे असे समजून आपण परत फिरतो आणि मधल्या मध्ये दलालाचे फावते. सूरह निसामध्ये न्यायासाठी ठामपणे उभे राहण्याचा हुकूम आहे. उभे राहायचे तर आधी कुठे उभे राहायचे ते माहीत हवे.

कायदा शिकणाऱ्यांनो, एक उन्हाळा या कार्यालयाला द्या. न शिकणाऱ्यांनाही विधी स्वयंसेवक होता येते. आणि एवढेही जमले नाही, तर 15100 हा मोफत कायदेशीर मदतीचा क्रमांक या जुम्म्याला मशिदीच्या फलकावर लिहा. कुणा खालाचे आठ हजार तरी वाचतील.