आडून बाण मारतो तो चोर नव्हे

‘स्कायरिम’ हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, चोर कसा घडवायचा? उत्तर ठरलेलं असतं. स्नीक म्हणजे लपतछपत वावरणं वाढव, धनुष्य घे, अंधारात दबा धरून बस आणि लांबून बाण सोड. कुलपं, खिसे, बोलबच्चन यांत पर्क (लेव्हल वाढली की मिळणारी खास क्षमता) घालू नकोस, पाण्यात जातील. ११ नोव्हेंबर २०११ ला हा खेळ बाजारात आला, तेव्हापासून हा सल्ला इतका मुरला आहे की, सुरुवात योद्धा म्हणून करा नाहीतर मांत्रिक म्हणून, शेवटी सगळे लपून बाण मारणारेच होतात, हा खेळाडूंचा जुना विनोद. माझ्या मावसभावाने तीन सुट्ट्यांत तीन पात्रं घडवली. पहिलं मांजरमुखी खाजीत, दुसरा रानातला बोस्मर, तिसरा चांगला धिप्पाड नॉर्ड. तिघंही आज एकाच खडकामागे उकिडवे बसून एकाच दरोडेखोरावर नेम धरतात.

माझं म्हणणं एवढंच, की या सल्ल्याने शिकारी उत्तम घडतो. चोर घडत नाही.

प्रतिपक्षाचा पहिला मुद्दा असा, की धनुष्य हेच चोराचं नैसर्गिक हत्यार. हे खुद्द खेळालाच मान्य नाही. स्कायरिममध्ये एकूण १८ कौशल्यं आहेत आणि त्यांच्या योद्धा, मांत्रिक, चोर अशा सहा-सहाच्या तीन वाटण्या आहेत. चोराच्या वाटणीत येतात ती अशी: लपतछपत वावरणं, कुलूप उघडणं, खिसा कापणं, हलकं चिलखत, बोलणं आणि औषधी-विषं बनवणारी अल्केमी. धनुर्विद्या योद्ध्याच्या वाटणीत आहे. सुरुवातीलाच रिव्हरवूड गावाच्या वाटेवर तीन शिळा लागतात. तिथे चोराच्या शिळेला हात लावलात तर त्याची सहा कौशल्यं २० टक्के लवकर वाढतात, धनुर्विद्येला कणभर फायदा नाही. खंजीरसुद्धा योद्ध्याकडेच मोडतो, हे मी लपवत नाही. पण मग चोराचं स्वतःचं हत्यार कुठलं, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर पुढे देतो.

दुसरा मुद्दा माराचा. इथे जरा हिशेब करू. साधा लोखंडी खंजीर ४ चा मार देतो. ‘असॅसिन्स ब्लेड’ हा पर्क घेतल्यावर नकळत केलेला खंजिराचा वार १५ पट लागतो, म्हणजे ६०. लाँगबो ६ चा, लोखंडी बाण ८ चा, मिळून १४. ‘डेडली एम’ घेतला तर तिप्पट, म्हणजे ४२. (कौशल्य आणि इतर पर्क धरले की आकडे वाढतात, पण ते दोन्हीकडे.) आणि गंमत पाहा, स्नीकच्या पर्कांच्या झाडावर असॅसिन्स ब्लेडकडे जाणारी फांदी डेडली एममधूनच जाते. झाडानेच धनुष्याला पायरी केलं आहे. लोक पायरीवरच बिऱ्हाड थाटून बसतात, त्याला झाडाने काय करावं?

यावर ते म्हणतात, बाण चाळीस पावलांवरून लागतो, खंजिराला मात्र माणसाच्या मानेपर्यंत जावं लागतं, आणि मध्येच त्याने वळून पाहिलं तर संपलं. आक्षेप खरा आहे. पण मानेपर्यंत न दिसता पोचणं, हीच तर चोराची विद्या! ती येत नाही म्हणून बाण मारायचा, तर ‘मी चोर’ असं कशाला म्हणायचं? वाकून चालताना पडद्याच्या मधोमध एक डोळा दिसतो. तो मिटलेला असेल तर तुम्ही नाहीच. आणि तो मिटलेला ठेवायला पर्कांची रास लागत नाही. मफल नावाचा साधा मंत्र पावलांचा आवाज गिळतो. तोच गुण असलेले बूट मिळाले तर मंत्रही नको. इल्युजन विद्या ५० पर्यंत नेली की ‘क्वाएट कास्टिंग’ मिळतो, मग मंत्र म्हणतानाही चकार शब्द ऐकू जात नाही. मांत्रिकाच्या दप्तरातून एवढं उसनं घेतलं तर बिघडलं कुठे? चोराने उसनं घ्यायला लाजायचं नसतं.

कुलपांच्या बाबतीत मात्र मी प्रतिपक्षाच्या बाजूने आहे. कुलपाच्या झाडातले पर्क खरंच वाया जातात. पाच प्रतींची कुलपं आहेत, त्यांतलं सर्वांत अवघडही एकही पर्क न घेता उघडतं. हाताला हलकेपणा हवा आणि खिशात गजांची थोडी बेगमी. तिथे खर्च केलेला प्रत्येक पर्क स्नीकमधून चोरलेला असतो.

तिसरा मुद्दा वजनदार आहे. खिसे कापून आणि गोड बोलून पात्राची लेव्हल वाढते, लेव्हलबरोबर शत्रूही तगडे होतात, आणि लढाईत कच्चा राहिलेला चोर पहिल्याच गुहेत आडवा होतो. असं होतं, मी स्वतः झालो आहे. पण दोष खिशाचा नाही. लेव्हलबरोबर हातात एक पर्क पडतो, तो कुठे घालायचा हे आपणच ठरवतो. खिसा कापून मिळालेला प्रत्येक पर्क पुन्हा खिशातच घातला तर कुणी काय करावं? खिशातले निवडक सोडून बाकीचे स्नीकमध्ये घाला, एकहाती शस्त्रात घाला, अल्केमीत घाला.

आता त्या राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर. चोराचं हत्यार म्हणजे समोरच्याचा खिसा आणि आपली बाटली.

खिसा कापण्याचं कौशल्य ४० ला गेलं की ‘पॉयझन्ड’ पर्क घेता येतो, मग समोरच्याच्या खिशात ठेवलेलं विष त्याला थेट बाधतं. एका तळावरची माझी आठवण सांगतो. दरोडेखोरांचा म्होरक्या शेकोटीशी बसलेला, भोवती त्याची माणसं. धनुर्धर असता तर म्होरक्याला बाण मारून बाकीच्यांचं मोहोळ अंगावर घेतलं असतं. मी मागून वाकत गेलो, डोळा अर्धा उघडला तेव्हा थांबलो, मिटल्यावर पुन्हा सरकलो. त्याच्या खिशातलं काही घेतलं नाही. उलट विषाची एक बाटली ठेवली. म्होरक्या जागच्या जागी कोसळला, आणि मी अंधारात परतलो. हेच कौशल्य सत्तर झाल्यावर ‘मिसडायरेक्शन’ मिळतो, मग माणसाच्या हातातलं शस्त्रही काढून घेता येतं. ज्याची कुऱ्हाड लढाईआधीच तुमच्या पोतडीत आली, त्याच्याशी लढाई कसली? खिसा कापण्यातलं यश कितीही केलं तरी ९० टक्क्यांवर अडतं, दहातला एक डाव फसतोच. तो धोका नको असेल त्याने शेती करावी.

आणि अल्केमी चोराच्या वाटणीत का ठेवली, हे मराठी नाटकाच्या रसिकाला तरी वेगळं सांगायला नको. देवलांनी ज्याचं संगीत नाटक केलं त्या ‘मृच्छकटिका’तला चोर शर्विलक आठवा. तो भिंत नुसती फोडत नाही. कुठली भिंत पाण्याने मऊ झाली आहे ते पाहतो, जानव्याने माप घेतो, भोकाचा आकार ठरवतो, आत शिरल्यावर झोपलेले खरंच झोपलेत का याची परीक्षा करतो. आणि भिंत फोडण्याआधी अंगाला लेप लावतो, पहारेकऱ्यांना दिसू नये म्हणून. लेप म्हणजे अल्केमीच की. स्कायरिममध्ये इम्पस्टूल आणि कॅनिस रूट एकत्र वाटलं की माणसाला लुळं पाडणारं विष होतं, ते पात्याला लावा. शर्विलकाच्या हाती धनुष्य दिलं असतं तर मूळ नाटककार शूद्रकाला तिसरा अंक दोन ओळींत आटपावा लागला असता.

खेळातल्या रिफ्टन शहरातल्या चोरांच्या टोळीची पहिली परीक्षाही पाहा. टोळीतला ब्रिन्योल्फ भर बाजारात गर्दी जमवून लोकांचं लक्ष वेधतो, आणि तेवढ्यात तुम्ही मादेसी या विक्रेत्याची अंगठी काढून ब्रँड-शेई या दुसऱ्या विक्रेत्याच्या खिशात टाकायची. बाण नाही, रक्त नाही. टोळी माणूस पारखते तो असा.

राहता राहिला ड्रॅगन. त्याच्या खिशात बाटली ठेवता येत नाही, हे कबूल. त्याच्यासाठी पाठीला एक धनुष्य असू द्या, पावसाळ्यात छत्री असते तसं. पण छत्री बाळगतो म्हणून कुणी स्वतःला छत्रीवाला म्हणवत नाही.

शेवटची एक गोष्ट प्रतिपक्षाच्या घरातलीच. धनुर्विद्या पटकन वाढवण्याचा त्यांचा लाडका उपाय म्हणजे रिव्हरवूडचा फेंडाल. त्याला कॅमिलाच्या प्रेमप्रकरणात मदत करायची, फी देऊन त्याच्याकडून ५० पर्यंत शिकायचं, आणि सोबती म्हणून घेऊन त्याच्याच पिशवीतून ती फी परत काढून घ्यायची. म्हणजे यांचा धनुर्धरसुद्धा उभा राहतो तो हातचलाखीवर! तर पुढचं पात्र सुरू कराल तेव्हा एवढं करा: फेंडालकडे जा, फी द्या, फी काढून घ्या, आणि धनुष्य त्याच्या पिशवीत ठेवून या.